न नळाचा

खोली क्रमांक ४०७
३ फेब्रुवारी

अगं,

आपला अबोला चालू आहे हे मी विसरलेलो नाही. पण अबोला म्हणजे न बोलणं. लिहिण्याबद्दल त्यात काही म्हटलेलं नाही. एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून घासलेल्या माणसाला शब्दाचा अर्थ तू शिकवू नकोस. (तू काही शिकवलेलं नाहीस, कारण तू बोलतच नाहीस. तरी आधीच सांगून ठेवतो.)

मी घर सोडून आलोय असा समज करून घेऊ नकोस. चौदा जानेवारीपासून घरात जी शांतता पसरली ती मला सोसेना, म्हणून महिनाभर दुसरीकडची शांतता बघावी म्हटलं. आधी निदान फ्रिजच्या दारावर तुझ्या चिठ्ठ्या तरी यायच्या. ‘दुध संपले’ अशी एक आली, मी लाल पेनने तिचं ‘दूध’ केलं, त्यानंतर चिठ्ठ्याही बंद. दूधही बंद.

जागा उत्तम आहे. एक खोली, तिच्यातच कोपऱ्यात ओटा, दोन कप, दोन बशा, एक सुरी आणि सूचनांची पंचवीस कार्डं. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘गजबजलेल्या वस्तीत घराबाहेरचं घर. संपूर्ण शांतता.’ गजबज आणि शांतता एकाच दमात! मी छापखान्यात असतो तर समासात प्रश्नचिन्ह काढून लेखकाकडे परत पाठवलं असतं. पण शांतता आहे. खाली जिम आहे, शेजारी गाडी चालवायला शिकवणारे आहेत, समोर मोबाइलची कव्हरं विकतात. हे सोडलं तर शांतता आहे.

कार्डांत पहिल्याच दिवशी चाळीस चुका सापडल्या. ‘क्रुपया’ तर जागोजागी. मी बाथरूममध्ये दोन तास होतो, तर खालून फोन आला, साहेब बरे आहात ना? मी म्हटलं, मी बरा आहे, तुमचं कार्ड बरं नाही.

आता मुद्दा. तू का बोलत नाहीस याचा मी विचार केला. स्वयंपाकघरातला नळ गळतो आणि तीन महिने मी प्लंबरला बोलावलं नाही, हे कारण असणार. चूक कबूल. परत आलो की पहिला नळ. झालं ना समाधान?

मी इथे मजेत आहे.

तुझा,
(सही करायची सवय नाही, समजून घे)


घर
६ फेब्रुवारी

अहो,

पत्र मिळालं. पाकिटावरचा पत्ता तिरका गेला म्हणून खाली पट्टीने रेघ मारून पुन्हा लिहिलाय, तेव्हा उघडायच्या आधीच कळलं कुणाचं ते.

बायको रुसून गेली तर लोक म्हणतात माहेरी गेली. नवरा रुसून गेला तर कुठे गेला म्हणून सांगायचं? शेजारिण विचारत होती. कामाला गेलेत म्हटलं. निवृत्त माणसाला कसलं काम म्हणाली. चुका काढायला गेलेत म्हटलं, तर तिला लगेच पटलं.

तुम्ही मजेत आहात हे वाचून बरं वाटलं. मीही मजेत आहे. भाजीची यादी मी मला हवी तशी लिहिते आणी ती घेऊन बाजारात जाते, वाटेत कुणी अडवत नाही.

आता नीट वाचा. मी का बोलत नाही ते मी सांगणार नाही. तुम्ही ओळखायचं. ओळखलंत की त्याच क्षणी बोलेन. नाही ओळखलंत तर महिना संपल्यावर खुशाल घरी या, किल्ली आहेच तुमच्याकडे, घर तुमचंही आहे. मी मात्र तिथे नसेन. धाकट्या बहिणीकडची मागची खोली रिकामी आहे. तिने बोलावलंय आणि मी तिला नाही म्हटलेलं नाही. हे मी चेष्टेत लिहीत नाही.

धाकटीवरून आठवलं. आई गेल्याला दहा वर्षं होतात म्हणून आम्ही भावंडं आठवणींचं पुस्तक काढतोय ना, त्याला माझे दोन कागद तेवढे जायचे राहिलेत. ती रोज मागते. मी देत नाही.

नळ म्हणालात. हसू आलं. अगदी जवळ गेलात हो, पण गळतो तो नळ नव्हे. त्या शब्दातलं पहिलं अक्षर धरा आणि बसा विचार करत. वेळ आहे तुमच्याकडे.

अजून तरी तुमचीच


खोली क्रमांक ४०७
९ फेब्रुवारी

अगं,

पत्रात चुका दोनच आहेत, प्रगती आहे. ‘शेजारिण’ नव्हे, ‘शेजारीण’. आणि ‘आणी’ नव्हे, ‘आणि’. तोच शब्द पुढे तू बरोबर लिहिला आहेस. माणसाने एकदा काय ते ठरवावं.

‘न’वर तीन दिवस घालवले. ओळखलं! नणंद. माझी बहीण दिवाणखान्यातल्या पडद्यांना काहीतरी बोलली होती ते तू मनात धरून बसलीस. मी तिला आजच खरमरीत पत्र टाकतो. (काय गंमत बघ, ‘नणंद’ या शब्दात ‘न’ही आहे आणि ‘ण’ही आहे आणि दोन्ही आपापल्या जागी आहेत. अशा शब्दाचं मला फार बरं वाटतं.)

इथे माझा मान वाढलाय. व्यवस्थापकाला कार्डं दाखवली, तर तो म्हणाला, सर, आमच्या सगळ्या मजल्यांची बघता का? साडेतीनशे कार्डं आली. एका फलकावर छापलंय, ‘पाहुण्यांची गैरसोय हेच आमचे ध्येय.’ त्यावर मी काट मारली आणि मग विचार करून शब्दाखाली टिंबं दिली. व्यवस्थापकाने विचारलं, ही टिंबं कसली? मी सांगितलं, छापखान्यात याचा अर्थ ‘तसेच राहू द्या’. कारण लिफ्ट चार दिवस बंद आहे आणि गरम पाणी दुपारी येतं. फलक शुद्ध नसेल, खरा आहे.

एक गोष्ट मात्र खटकते. खोली आवरायला रोज एक बाई येतात. मी सकाळी खुर्ची ओढून खिडकीशी नेतो, खाली ती शिकाऊ मंडळी गाडी मागे घेताना रोज एकाच खांबाला ठोकतात ते बघत चहा घेतो. दुपारी फिरून येतो तो खुर्ची टेबलाशी. रोज. मी विचारलं तर बाईंनी कपाटाचं दार उघडून आतल्या बाजूला चिकटवलेला फोटो दाखवला. खोली कशी दिसायला हवी त्याचा. म्हणाल्या, काका, खुर्ची फोटोत टेबलापाशी आहे. मी म्हटलं, अहो पण राहतोय मी. त्या म्हणाल्या, फोटोत तुम्ही नाही.

बोलतात मात्र गोड. ‘झोप लागली का काका?’ असं रोज विचारतात. आणि ते समोरचं दुकान, त्यात भोंग्यावर एक माणूस सकाळपासून ओरडतो, ‘दोन घ्या, तिसरं फुकट.’ पहिले दोन दिवस डोकं उठलं. आता वाटतं, असू दे, कुणीतरी बोलतंय.

तुझ्या दोन कागदांचं काय अडलं? मी तपासून दिलेत ना? आमच्या धंद्यातली पक्की रीत वापरली, शेवटच्या शब्दाकडून पहिल्या शब्दाकडे वाचत गेलो. सुलटं वाचलं की माणूस अर्थात गुंततो आणि चूक निसटते. त्र्याहत्तर चुका काढल्या, आता कुणाचा बाप त्यात चूक दाखवू शकणार नाही. बिनधास्त दे.

नणंदेचं उत्तर बरोबर आहे ना ते कळव.

तुझा


घर
१३ फेब्रुवारी

अहो,

हे पत्र शब्दकोश शेजारी ठेवून लिहितेय, म्हणजे तुम्हाला चुका सोडून दुसरंही काही वाचता येईल.

वन्संचं नाव घ्याल तर याद राखा. तुमचं खरमरीत पत्र हातात घेऊन बिचाऱ्या रडत आल्या माझ्याकडे. पडदे मलाही आवडत नाहीत, तुम्हीच आणलेत ते. आम्ही दोघींनी चहा घेतला, पडदे काढले, प्लंबर बोलावला. नळ आता गळत नाही. तेव्हा तो विषय संपला. ‘न’ शिल्लक आहे.

तुमच्या त्या आवरणाऱ्या बाई मला फार आवडल्या. तुमच्याच पंथातल्या दिसतात. खुर्ची खिडकीशी का नेली होती ते विचारायचं नाही, खिडकीतून काय दिसतं ते बघायचं नाही, फोटोत आहे तशी उचलून जागेवर ठेवायची आणि वर म्हणायचं, केलं बघा चोख. तुम्हाला राग आला ना? मग मला कशाला विचारता, त्या रागालाच विचारा.

त्र्याहत्तर चुका काढल्यात, बरोबर. आकडा पाठ आहे तुमचा. त्या कागदाच्या तळाशी लाल पेनने एक शब्द लिहिला होतात, तो आठवतोय का? मी आठ दिवस बसून लिहिलं होतं ते. जन्मात पहिल्यांदा लिहिलं. तुम्ही पाऊण तासात परत केलंत, फ्रिजवर चुंबक लावून अडकवलंत आणि माझ्याकडे बघून म्हणालात, चहा टाक.

मी टाकला. तेवढं बोलणं झालं ते शेवटचं.

एवढंही सांगायचं नव्हतं मला. धाकटीने मागची खोली रंगवायला घेतली आहे. कुठला रंग देऊ म्हणून विचारत होती, मी पांढरा सांगितला.

तुमची


निवास व्यवस्थापन कार्यालय, तळमजला
१८ फेब्रुवारी

आदरणीय सर,

आपण अभिप्रायवहीत लिहिलेला चार पानी मजकूर मिळाला. आपल्यासारख्या जाणकाराने एवढा वेळ काढला याबद्दल संस्था आभारी आहे.

मजकूर लिफ्टमध्ये आपल्या फोटोसह लावण्याचा मानस आहे. त्या दृष्टीने किरकोळ सुधारणा केल्या आहेत. खिडकी, खुर्ची व खांबाचा परिच्छेद सोयी-सुविधांशी संबंधित नसल्याने गाळला. ‘खोली आवरणाऱ्या बाई’ऐवजी ‘प्रशिक्षित कर्मचारीवर्ग’ असे केले. ‘झोप लागली का, असं मला कुणी विचारून किती दिवस झाले होते’ हे वाक्य पाहुण्यांना उदास करील, म्हणून तिथे ‘गाद्या आरामदायी’ असे घेतले. ‘घरी मला कुणी बोलत नाही’ हे व्याकरणात बसत नाही. ‘माझ्याशी’ हवे. तसेही ते काढलेच आहे.

अंतिम मजकूर असा: ‘अनुभव सुखद. गाद्या आरामदायी. कर्मचारीवर्ग तत्पर.’

बाकी ठीक.

आपला नम्र,
व्यवस्थापक

(लिफ्ट सुरू झाल्यावर मजकूर लावण्यात येईल.)


खोली क्रमांक ४०७
१९ फेब्रुवारी

अगं,

सोबत व्यवस्थापकाचं पत्र जोडलंय, ते आधी वाच.

वाचलंस? चार पानं लिहिली होती मी. मी! एकतीस वर्षांत दुसऱ्यांची लाखभर पानं तपासली, स्वतःची एक ओळ कधी लिहिली नाही. परवा त्या वहीत पेन टेकवलं आणी थांबताच येईना. तुझ्याबद्दलही होतं त्यात. लिहून झाल्यावर इतकं हलकं वाटलं की जिना उतरून खाली गेलो आणी त्या भोंग्यावाल्याकडून एक कव्हर विकत घेतलं. कालची अख्खी सकाळ वाट बघत होतो की कुणीतरी काहीतरी म्हणेल.

‘बाकी ठीक.’

आधी व्यवस्थापकाला मनातल्या मनात खूप शिव्या दिल्या. चार पानं माणूस लिहितो आणि ह्याला गाद्या दिसतात! मेल्या, वाचलंस का तरी? असं मोठ्याने म्हणालो आणि माझ्याच आवाजाने दचकलो. कारण तुझ्या कागदाच्या तळाशी मी तोच शब्द लिहिला होता. त्यात ‘बाकी’सुद्धा नव्हतं. नुसतं ‘ठीक’.

तुझे दोन कागद मी वाचलेच नव्हते. तपासले होते. शेवटाकडून सुरुवातीकडे. तुझ्या आईला मी उलटं वाचलं. पण मुद्रितशोधकाच्या डोक्यात अक्षर एकदा गेलं की जात नाही. काल दुपारपासून या खुर्चीत बसून एकेक शब्द आठवून सुलटा लावला. विस ओळी झाल्यावर रडू यायला लागलं, म्हणून चष्मा काढून ठेवलाय. हे पत्र चष्म्याशिवाय लिहितोय आणि पुन्हा वाचणार नाही. वाचलं तर तपासेन.

तुझी आई बावन्नाव्या वर्षी धाकटीच्या पाटीवर अक्षरं शिकली. तू सासरी आलीस म्हणून शिकली, तुला पत्र टाकता यावं म्हणून. ‘न नळाचा’ तिला पटला. ‘ण बाणाचा’ पटला नाही. म्हणाली, बाणाचं पहिलं अक्षर ‘ब’. ज्या अक्षराला स्वतःचा एक शब्द नाही, दुसऱ्याच्या शब्दात शेवटी उभं राहावं लागतं, ते मी कशाला शिकू? आणि सोडूनच दिला तिने तो. केवढी हुशार बाई! मी एवढे ग्रंथ तपासले, हे कुठेही वाचलं नाही.

मग तिने तुला आयुष्यातलं एकुलतं एक पत्र लिहिलं. एका ओळीचं. तू ते अक्षर न अक्षर जसंच्या तसं उतरवलं होतंस. ‘तुझी आठवन येते.’

मि त्यातला ‘न’ खोडून ‘ण’ केला. समासात वर शहाणपण, ‘ण बाणाचा’. तुझ्या आईने मुद्दाम सोडलेलं अक्षर मी तिच्या तोंडात कोंबलं. ती बाई जाऊन दहा वर्षं झाली, तरी मी तिला सोडलं नाही.

त्र्याहत्तरावी माझी चुक होती. हेच कारण ना? हेच असणार. नसलं तरी माझ्याकडे आता दुसरं उत्तर नाही.

तू धाकटीकडे जाऊ नकोस. किंवा जा, तुला तिथे बरं वाटणार असेल तर जा, मला अडवायला तोंड नाही. फक्त ते दोन कागद मला एकदा सुलटे वाचायला दे. पेन बाहेर ठेवून येईन.

बाई खुर्ची रोज जागेवर ठेवतात. आज त्यांना सांगितलं, बाई, आज राहू द्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि राहू दिली. एवढंच तर करायचं होतं.

तुझी आठवन येते.


घर
२२ फेब्रुवारी

अहो,

तुमचं पत्र मिळालं. तपासलं. सोबत परत पाठवतेय. लाल पेन तुमच्याच खणात सापडलं, बाहेर ठेवायचं तर आधी जागा शोधा, तिथे अकरा आहेत.

एकूण चुका सहा. ‘आणी’ दोन वेळा (शेजारिणीला सांगितलं, ती हसून हसून दमली). ‘विस’ एक. ‘मि’ एक. ‘चुक’ एक. या पाच दुरुस्त केल्यात. सहावीचं शेवटी सांगते.

आधी सुलटं वाचलं. मग पुन्हा सुलटं वाचलं. मग वन्संना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, दादा असा कधीपासून बोलायला लागला? मी म्हटलं, बोलत नाहीये तो, लिहितोय.

माझे दोन कागद काल धाकटीकडे गेले. तुमच्या त्र्याहत्तर दुरुस्त्यांपैकी बहात्तर घेतल्या, त्या बरोबरच होत्या. तुमचं काम चोख असतं हे मी कधी नाकारलंय? एक घेतली नाही. धाकटीला सांगितलंय, कितीही शहाणा मुद्रितशोधक आला तरी तिथे हात लावू द्यायचा नाही. माझ्या खोलीत ती आता शिवणयंत्र ठेवणार आहे.

खोली चार मार्चपर्यंत तुमच्याकडे आहे ना? मी उद्या येते. तुम्ही घरी यायची वाट न बघता, तिकडेच. अडतीस वर्षांत माझं अंथरूण दुसऱ्या कुणी घातलेलं नाही, मलाही एकदा कुणीतरी झोप लागली का म्हणून विचारू दे. त्या बाईंना माझा नमस्कार सांगा. कप दोन आहेत म्हणालात, तर चहा तुम्ही टाका. खुर्च्या दोन लागतील, दोन्ही खिडकीशी ठेवा. नसली तर व्यवस्थापकाकडे मागा, आणि फोटोत एकच आहे असं तो म्हणाला तर मला बोलवा.

आणि त्या भोंग्यावाल्याला सांगून ठेवा, उद्यापासून जरा गप्प बस म्हणावं. एकोणचाळीस दिवसांचं बोलणं साचलंय माझं.

तुमचीच

ता. क. सहावी चूक शेवटच्या ओळीत आहे. तिच्याखाली टिंबं दिली आहेत.